तिकीट लावणारे व्याही

फुकट मिळालेली गोष्ट माणसाला दिसतच नाही, असं मानणारे धाराशिव जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ म्हणजे आमचे व्याही. 'एकमेव' हा शब्द मी जपून वापरतो. एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर म्हणून माझी नोकरी झाली. 'पहिला', 'सर्वात मोठा', 'एकमेव' असे शब्द आले की त्यांच्या आधी 'बहुधा' घालायची हाताला सवय आहे. इथं मात्र त्याची गरज नाही. ज्या जिल्ह्यात कीर्तन फुकट, जत्रेतल्या कुस्त्या फुकट, पुढाऱ्याची सभा फुकट आणि सभेला जायला-यायला वर जीपगाडी, तिथं या माणसानं फुटबॉलला तिकीट लावलं. फुटबॉल बघायला आधीच कुणी येत नव्हतं, ही त्यांच्या दृष्टीनं किरकोळ बाब होती. "येत न्हाईत, कारण फुकट हाय," ते म्हणायचे. "दुकानाच्या पायरीवर टाकलेलं कापड कुत्रंसुदिक हुंगत न्हाई, पाव्हणं. त्येच काचंत ठिवा, किमतीची चिठ्ठी लावा, मग बघा बाया कशा थांबत्यात."

माझी मुलगी त्यांच्या घरात दिली, तेव्हा मला एवढंच सांगण्यात आलं होतं की घर कापडाच्या व्यापाऱ्याचं आहे, माणसं शिवभक्त आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत. फुटबॉलचा उल्लेख मध्यस्थानं केला नव्हता. तो लग्न ठरल्यावर कळला. तरुणपणी वडिलांनी त्यांना हैदराबादला शिकायला पाठवलं होतं. तिथून ते पदवी न घेता, पण उजव्या गुडघ्याला कायमची दुखापत आणि डोक्यात फुटबॉल घेऊन परतले. पुढं चाळीसएक वर्षं त्यांनी बाजारपेठेत साड्या विकल्या. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर, ज्या वयात माणसं तीर्थयात्रेला निघतात त्या वयात त्यांनी क्लब काढला. गावाबाहेर एका शिक्षण संस्थेचं मोकळं मैदान होतं, ते वर्षाच्या करारानं घेतलं. कॉलेजची मुलं, गॅरेजमधले दोघं-तिघं आणि तलाठ्याच्या परीक्षेला सतत बसणारे चौघं असा संघ उभा केला. गुलबर्ग्याकडून आणलेल्या निळ्या जर्स्या चढवल्या. सामन्यात ते रेषेच्या बाहेर उभे राहायचे आणि तोल गेला की घरच्या कन्नडमध्ये ओरडायचे, "ओडो, ओडो!" म्हणजे पळ रे, पळ. खेळाडूंपैकी निम्म्यांना कन्नड येत नव्हतं. हा फुटबॉलमधलाच एखादा इंग्रजी शब्द असावा, अशा समजुतीनं ते पळायचे.

आम्ही दोघंही एकमेकांना 'पाव्हणं' म्हणतो, कारण व्याह्यानं व्याह्याला नावानं हाक मारायची आपल्याकडं रीत नाही. रीत आणखीही आहे. मुलीचा बाप व्याह्यांच्या दारात आला तर त्याला पाणी, गूळ, चहा आणि निघताना टोपी द्यायची असते. मी पहिल्यांदा सामना बघायला गेलो तेव्हा फाटकात टेबल मांडून व्याही स्वतः बसले होते. त्यांनी उठून नमस्कार केला, मुलीची खुशाली सांगितली, खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा संपल्यावर तिकीट फाडून पुढं केलं. "वीस रुपये, पाव्हणं." मला वाटलं, थट्टा आहे. ती नव्हती. "तुमाला सोडलं की उद्या साडू येणार, परवा मावसभाऊ. ह्या जिल्ह्यात सोयरा न्हाई असा माणूस हुडकून आणा मला, त्याला सोडतो." मी पैसे दिले. ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. मुलीच्या सासऱ्यानं बापाकडून पैसे घेतले, या विषयावर आमच्या घरी दोन दिवस स्वयंपाक मुक्यानं झाला.

तिकिटाचा दर हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता आणि त्या चिंतनाचा पाया साडीच्या दुकानातला होता. सगळ्यांना एक दर लावणं म्हणजे नऊवारी आणि रुमाल एका भावात विकणं. म्हणून त्यांनी पहिल्या हंगामात मैदानाचे दोन भाग केले. पूर्वेकडं शाळेची दुमजली इमारत होती, तिच्या सावलीत बसणाऱ्यांना वीस रुपये, समोर उन्हात बसणाऱ्यांना दहा. सामने सकाळी असत. सावलीवाले ऐटीत बसले. ऊन चढत गेलं तशी सावली इमारतीकडं सरकत गेली आणि मध्यंतरापर्यंत वीस रुपयेवाले भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन एका रांगेत बसलेले दिसले. सामना संपता संपता दोन्ही बाजूंना सारखंच ऊन होतं. एक निवृत्त मुख्याध्यापक फाटकाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, माल मापात कमी आला." चाळीस वर्षांत त्या दुकानावर हा आरोप कुणी केला नव्हता. व्याह्यांनी दुकानातून गज मागवला, भर उन्हात उरलेली सावली मोजली आणि त्या हिशेबानं प्रत्येक सावलीवाल्याला पाच रुपये परत केले. पुढच्या आठवड्यात उन्हाच्या बाजूचे लोकही रांगेत उभे होते. त्यांचं म्हणणं, आम्हाला ऊन जास्त दिलं, त्याचं काय.

मग सामने संध्याकाळी ठेवले आणि दर वेळेवर ठरवला. पूर्ण सामन्याचे वीस, मध्यंतरानंतर येणाऱ्यांना दहा. परिणाम असा की पूर्वार्ध मोकळ्या मैदानावर होऊ लागला. लोक फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाड्यावर मध्यंतराची शिट्टी वाजायची वाट बघत उभे राहत. तेव्हा त्यांनी दर उलटा केला, पूर्वार्ध दहा आणि उत्तरार्ध वीस. लोक पूर्वार्धाचं तिकीट काढून आत आले आणि मध्यंतरानंतर उठेनात. त्यांना उठवायला व्याही गेले तेव्हा एक जण म्हणाला, "शेठ, दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला तुमी कधी उठिवलंय का?" ते परत फिरले. बायकांनी यावं म्हणून तिकिटावर ब्लाउज पीस दिला, दुकानातला पडून राहिलेला माल. बायका आल्या, चांगल्या शंभरावर आल्या. पीस घेतले, रंग पाहिले आणि खेळ सुरू असताना रेषेपर्यंत येऊन व्याह्यांना रंग बदलून मागू लागल्या. पेनल्टी चालू असताना मोरपंखी आहे का, असं विचारलं गेलेला तो देशातला एकमेव क्लब असावा. इथं मात्र मी 'बहुधा' घालतो.

या सगळ्यात त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही रिकाम्या मैदानाच्या कडेला बसलो होतो. "मला पैसा नको, पाव्हणं. दुकान हाय, पोरगं हाय. मला एक माणूस पायजे. स्वतःच्या खिशात हात घालून आलेला. गोल हुकला तर त्याला जेवण जाऊ नये." मी म्हटलं, तुम्हीच आहात की असे. ते म्हणाले, "एकट्याचं काय मैदान असतंय व्हय?"

मैदानावर संकट आलं ते तिसऱ्या वर्षी. संस्थेच्या सचिवांनी व्याह्यांना बोलावून घेतलं. सचिव गोड बोलणारे होते. त्यांचं म्हणणं, जागा मोक्याची आहे, रस्त्याला लागून आहे, तिथं लग्नाचं लॉन केलं तर संस्थेचं भलं होईल. पण आपण समाजाच्या इच्छेच्या बाहेर नाही. हंगामाचा शेवटचा सामना सोलापूरच्या संघाशी आहे. त्या सामन्याची तीनशे तिकिटं खपली तर लोकांना फुटबॉल पाहिजे असं आपण धरू आणि करार पुढं चालू ठेवू. नाही खपली तर लॉन. मी व्याह्यांना व्यवहारी सल्ला दिला. तीनशे गुणिले वीस म्हणजे सहा हजार होतात. तुमच्या दुकानात एक पैठणी तेवढ्याची असते. घ्या स्वतःच विकत आणि वाटून टाका. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना गज आखूड करायला सांगितलं होतं. "मग सचिवाला फसवल्यालं हुईल. आन मला तर त्याहून जास्त."

तिकिटं खपेनात. जावयानं मोबाइलवर जाहिरात फिरवली, तिला अंगठे पुष्कळ मिळाले. रिक्षावर भोंगा लावून दोन दिवस गाव पिंजलं. बसस्टँडवर फलक लावले, त्यांवर दुसऱ्या दिवशी एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचे फलक चढले. दहा दिवसांत खपलं एक तिकीट. ते माझं होतं. शेवटी विहीणबाई बोलल्या. या बाईंनी आयुष्यात एकही सामना पाहिलेला नव्हता आणि फुटबॉलला त्या 'ती पळापळ' म्हणत. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "कागद चिकटवून कोण येतंय? पोरीच्या लग्नाला भिंतीवर कागद लावला व्हता का? दारात जाऊन कपाळाला कुंकू लावलं, अक्षत दिली, तवा गाव आलं."

विहीणबाईंनी हे टोमणा म्हणून सांगितलं होतं. व्याह्यांनी ते धोरण म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते कुंकवाचा करंडा आणि पिवळ्या केलेल्या अक्षतांची पिशवी घेऊन स्कूटरवर निघाले, मागं मी. धाराशिवच्या गल्ल्या झाल्या, मग सोयऱ्यांची गावं सुरू झाली. अणदूरला त्यांच्या आत्याचं घर, वाशीला विहीणबाईंचं आजोळ, मधली सगळी वाडी-वस्ती. पहिल्या घरात मी उत्सुकतेनं बघत होतो. त्यांनी यजमानाला कुंकू लावलं, हातावर अक्षत ठेवली, "समद्यांनी यायचं, कुणी मागं राहायचं न्हाई," असं म्हणून तिकिटाची गोष्ट काढायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून म्हातारीनं पाण्याचा तांब्या पाठवला. तोंड मिटलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तिकिटाचं सांगितलं नाहीत?" ते स्कूटरला किक मारत म्हणाले, "कुंकवाच्या हातानं पैशाचं कसं बोलू? गेटवर बघू." दर घरी तेच झालं. दर वेळी गेटवर बघू ठरलं.

सामन्याच्या दिवशी दुपारी चारला गेटवर जे दिसलं, त्याची मी वार्ताहराच्या नियमानं नोंद करतो. माणसं हजाराच्या पुढं असावीत. पुरुष इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, बायका ठेवणीतल्या साड्यांत. जीप, टमटम, दोन ट्रॅक्टर. आणि प्रत्येक कुटुंबाच्या कर्त्याच्या हातात आहेर. ज्यांना अक्षत मिळाली होती ते रिकाम्या हातानं येणं शक्यच नव्हतं. व्याही टेबलाशी तिकिटांचा गठ्ठा घेऊन उभे होते. पहिल्या पाहुण्यानं पुढं होऊन त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि पाया पडला. दुसऱ्यानं त्या टोपीवर टोपी घातली. व्याह्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. मी शेजारीच होतो. हळूच म्हटलं, "पाव्हणं, तीनशेच पायजेत. मागून तर बघा." ते पुढं बघतच म्हणाले, "आहेर घिऊन आल्याला माणूस हाय. त्याला वीस रुपये मागू? उद्या माझ्या नातवाच्या लग्नात ह्यातलं कुणी दारात उभं राहील का?" विहीणबाई मागून आल्या, टॉवेल काढून घेत म्हणाल्या, "लोकास्नी आत जाऊ द्या. उन्हात उभं केलंय." मैदान भरलं. तिकीट एकही फाटलं नाही.

आत सगळं रीतसर झालं. बायका एका बाजूला बसल्या, पुरुष दुसऱ्या. मुहूर्त कितीचा, अशी चौकशी झाली. दोन्ही संघ रांगेनं मैदानात आले, पंचांनी शिट्टी वाजवली आणि त्या शिट्टीसरशी हजारभर माणसांनी हातातल्या अक्षता खेळाडूंवर टाकल्या. सोलापूरचा गोलकीपर डोळ्यात तांदूळ गेल्यानं काही वेळ बसून होता. गोलच्या मागं वाशीकडचे एक पटकेवाले म्हातारे उकिडवे बसले होते. त्यांनी व्याह्यांना विचारलं, "ह्यातला नवरदेव कंचा?" व्याही वैतागून म्हणाले, "त्यो निळा, नऊ नंबरचा." म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि त्या क्षणापासून नऊ नंबरवरची नजर काढली नाही. तो पडला की हे उठायचे, तो उठला की बसायचे. थोड्या वेळानं व्याह्यांचं ऐकून त्यांनीही ओरडायला सुरुवात केली, "ओडो, ओडो!" आणि मग ती सगळी बाजू ओरडू लागली.

मध्यंतराला लोक उठून पंगत शोधू लागले. मी बाहेरच्या वडापावच्या गाड्याकडं निघालो. पण कपडे बदलायच्या खोलीमागून वरणाचा वास येत होता. अक्षत दिली म्हणजे पुढं काय द्यावं लागतं, हे त्या घरात एकाच माणसाला कळत होतं, आणि त्या विहीणबाईंनी कुणाला न विचारता आचारी सांगून ठेवला होता. वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. जेवण झालं की लग्नघरातून निघायचं, या नियमानं अर्धी मंडळी बुंदी खाऊन उत्तरार्धाआधी निघून गेली. उरलेल्यांपैकी पुष्कळ जण बस चुकेल म्हणून एकेक करून उठले. पटकेवाले म्हातारे अगदी शेवटी, नऊ नंबरचा गोलपाशी पोचलेला असताना, नातवानं दंड धरून ओढल्यावर गेले, तेही मागं बघत. सामना बरोबरीत सुटला. गोल कुणाचाच झाला नाही.

सचिवही आले होते. त्यांनाही अक्षत होती. त्यांनी व्याह्यांना पद्धतशीर टोपी घातली, जेवले आणि हात पुसत गठ्ठा मागितला. एक तिकीट कमी असलेला गठ्ठा त्यांनी चाळला. मीच म्हणालो, "गर्दी तर बघितलीत तुम्ही." सचिवांचा चेहरा खरोखर प्रसन्न होता. "व्हय की साहेब. मी बघतच ऱ्हायलो. एवढी माणसं आली, बसली, जेवली, गाड्यासुदिक नीट लागल्या. ही जागा लॉनला चालंल का, म्हणून आमच्या संचालकास्नी शंका व्हती. आता कुणाला न्हाई."

लॉन पाच महिन्यांत उभं राहिलं. विदेशी गवत, कारंजं, वधूपक्षाला वेगळी खोली. क्लबची मुलं पांगली. दोघं तलाठी झाले, नऊ नंबरचा पुण्याला एका गोदामात लागला. व्याह्यांना वर्षभर निवांत बसता आलं नाही, कारण मिळालेले आहेर परत करायचे असतात. जावळं, वास्तुशांती, बारसं, लग्नं, ज्याची टोपी आली त्याच्या दारी ते टोपी घेऊन गेले. मी सोबत असायचो. फुटबॉलचा विषय त्यांनी काढला नाही आणि इतरांनी, त्यांना वाईट वाटेल म्हणून, काढला नाही.

याच हिवाळ्यात एका सोयऱ्याचं लग्न त्या लॉनवर निघालं. व्याही येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. आम्ही जेवायला टेबलाशी बसलो. ते नजर वर न करता वरण कालवत होते. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून एक पटका उठला, ताट तिथंच सोडून आमच्यापाशी आला आणि रामराम वगैरे काही न करता म्हणाला, "शेठ, त्या दिसी काय झालं? त्या नऊ नंबरनं शेवटाला घातला का न्हाई आत?"

व्याह्यांचा हात ताटात थांबला. "न्हाई. बरोबरीत सुटलं."

"असं कसं? म्या बघितलं की. ह्यो एवढा पुढं गेलता. मधी एकटा गोलकीपर."

"बाहीर गेला चेंडू."

"बाहीर कसा जाईल? पंचानं गडबड केली असंल. म्या असतो तर बोललो असतो. नातवानं वढलं मला, त्या येष्टीपायी. राती भाकर गेली न्हाई बगा."

व्याहीही ताटावरून उठले. चेंडू कसा गेला आणि कुठून गेला, हे सांगायला त्यांनी टेबलावरची मिठाची वाटी गोल म्हणून ठेवली. म्हाताऱ्यांनी ती सरकवली. गोल इतका लांब नव्हता म्हणाले. दोघांचे आवाज चढले. वाढपी थांबले. शेजारी वधूवरांचे फोटो चालले होते, तिथून कुणीतरी हळू बोला म्हणून सांगितलं. ते त्या दोघांना ऐकू गेलं नाही. मी पुष्कळ सामने बघितले आहेत, पण एवढा अटीतटीचा हाच एक.

मग नातू बसची वेळ झाली म्हणून म्हाताऱ्यांना न्यायला आला. जाताना ते म्हणाले, "पुढची कवा हाय, सांगा. ह्या बारीला मुक्कामानं येतो." व्याही म्हणाले, "सांगतो की." कारंज्याला वळसा घालून पटका फाटकाबाहेर जाईपर्यंत ते उभे होते. खाली बसले तेव्हा वरण गार झालं होतं. ते त्यांनी तसंच भुरकलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "हे वाशीकडं कंच्या गावचं म्हणाले?"

"गाव नाही सांगितलं. विचारून घेतो."

"घ्या. आन पाव्हणं, तिकडं एखादं मैदान असंल का हो? सपाट, बिनदगडाचं?"

वाशीकडं डोंगर आहे, माळ आहे, आणि माळावर दगड सोडून काय आहे हे मला माहीत नव्हतं. चौकशी केल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी म्हणून सांगायची नाही, एवढं एकच मी नोकरीत शिकलो. मी म्हणालो, "असेल की."